बिल्टीवर मैनेचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, पावस गावच्या परसातल्या फणसाची. तरुणपणी हळदीसारखी पिवळी होते, आता काकवीच्या रंगाची झाले. भिवा सुताराने लग्नाच्या वर्षी मला घडवलं, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या मारल्या. पुढे तो दर्यापार मोंबासाला कामाला गेला. माझ्या पोटात त्याच्या सगुणाची लुगडी राहिली आणि तिच्या मैनेची झबली.

१९२८ साली भिवाचं पत्र आलं. ‘एका बंगल्याची दारंखिडक्या करायचं काम मला स्वतःला मिळतंय. फाल्गुनातल्या पहिल्या सोमवारी हत्यारं घेऊन उभा राहिलो तर माझं, नाहीतर दुसऱ्याचं. तुम्ही दोघी या आणि बाबांची हत्यारं आणा.’

म्हाताऱ्या सखारामाने आपला वाकस, रंधा, पटाश्या खोबरेल तेलाने पुसल्या आणि माझ्या तळाशी निजवल्या. “सूनबाय, ही माजे हात हायत. सांभाळून ने,” तो म्हणाला. वर कुळीथ आले, कोकम आलं, तांब्याची भांडी आली. काथ्याने मला आवळून बांधलं, आणि बैलगाडीत बसून मी रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर पोचले.

तिथे आडतीच्या खोपटात विठू कारकून टाक कानाला लावून बसला होता.

“वहिनी, ही बिल्टी म्हणजे पेटीची पत्रिका समजा. माल पाठवणार कोण, घेणार कोण, आत काय, सगळं हिच्यात. ही हरवली की पेटी हरवली. आत काय आहे?”

“तांब्याची भांडी. नवीकोरी दिसतायत, कालच कल्हई केलीय.”

“वापरलेली लिहितो.”

“वापरलेली? लोक काय म्हणतील?”

“वापरलेलं घरगुती सामान म्हटलं की तिकडे जकात माफ. नवं म्हटलं की भरा.”

सगुणाने क्षणभर विचार केला. “मग लिवा जुनी. तशी माझ्या आजेसासूचीच ती.”

विठू हसला. “आणि माल घेणार कोण?”

सगुणाने पदर ओढला. सासरा पडावाच्या खलाशाशी घासाघीस करायला गेला होता. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? ती म्हणाली, “मैनेचे बापूस.”

विठूने ‘मैना’ लिहिलं आणि टाक थांबवला. “पुढे?”

“पुढे काय? तेच.”

तेवढ्यात खलाशी ओरडला, “ओहोटी लागली, चला.” विठूने घाईघाईने शिक्का मारला. मित्रांनो, अशी मी चार वर्षांच्या पोरीच्या नावाने दर्यात उतरले.

माझ्या पाठीवर बाण काढून ‘ही बाजू वर’ असा कागद डकवला होता. मुंबईच्या हमालांनी तो बाण नेमका खाली करून मला मोठ्या बोटीच्या पोटात ठेवलं. सगळा प्रवास मी डोक्यावर उभी राहून केला. कुळीथ कोकमात गेले, कोकम लुगड्यात गेलं. पण हत्यारांना ओरखडाही आला नाही.

मोंबासाला बोट लागली शनिवारी दुपारी. भिवा धावत आला आणि सगुणा-मैनेला घेऊन मालाकडे वळला. मालाच्या वखारीत गोव्याचा एक कारकून बिल्टी वाचत होता.

“मैना कोण?”

“माझी मुलगी,” भिवा म्हणाला. “पेटी माझीच आहे. मीच घडवलीय.”

“घडवली असशील. पण बिल्टीवर ज्याचं नाव, त्यालाच माल. रत्नागिरीला लिहून नाव बदलून आण.”

“किती दिवस लागतील?”

“दीड महिना.”

भिवा माझ्यावरच बसला. हत्यारं त्याच्याखाली वीतभर अंतरावर होती आणि सोमवार परवावर आला होता. त्याचा सगळा भार मला लागला.

कारकुनाला दया आली असावी. तो म्हणाला, “धनीण वयाने अज्ञान आहे, तेव्हा बाप माल घेऊ शकतो. पण बाप तूच, हे कशावरून? पोरीच्या आईने सांगायला हवं. बाय, याचं नाव सांग.”

सगुणाने मान खाली घातली. मागे माणसं तिष्ठत होती.

“सांग गे,” भिवा कुजबुजला.

“तुम्हीच सांगा ना.”

“माझं चालत नाय म्हणतायत.”

“मी सांगते,” मैना म्हणाली. “आजा त्यांना भिव्या म्हणतो.”

“तुझंही चालत नाय गो, तू अज्ञान,” कारकून म्हणाला आणि सगळी वखार हसली. त्या हसण्यात सगुणाची भीड थोडी सैलावली. तिने माझ्या झाकणावर हात ठेवला आणि लग्नातल्यासारख्या स्वरात म्हटलं,

“रत्नागिरीच्या बंदरात लुकलुकतो दिवा,
पेटी घडवली ज्यांनी, त्यांचं नाव भिवा.”

कारकुनाने टाक उचलला. भिवाची सही झाली. मैनेने हट्टाने बिल्टीच्या पाठीवर अंगठा उमटवला आणि शाई उरली म्हणून दुसरा माझ्या झाकणावर. सोमवारी भिवा हत्यारं घेऊन वेळेवर उभा राहिला. त्या बंगल्याच्या दारांचा भुसा कितीतरी दिवस माझ्या फटीत होता.

१९३६ साली आम्ही परत निघालो. वखारीत तोच कारकून, डोक्याने पांढरा झालेला. “माल घेणार कोण?” भिवा तोंड उघडणार, तोच सगुणा म्हणाली, “मैना.”

“बाय, परत तीच चूक?”

“चूक न्हाय. या खेपेला समजून-उमजून सांगतेय.”

मांडवीला विठूने शाईची डबी पुढे केली. मैनेने अंगठा बुडवला नाही, टाक मागितला आणि सावकाश, वळणदार अक्षरांत सही केली.

आता मी पावसच्या ओटीवर असते. पोरं माझ्यावर उड्या मारतात, कोंबडी खाली अंडी घालते, त्याचं मला काही नाही. वर्षातून एकदा खोबरेलाचा हात फिरवलात तर आणखी पन्नास वर्षं टिकेन. फक्त मित्रांनो, माझं अंग घासाल तेव्हा झाकणावरचा तो इवलासा निळा अंगठा राहू द्या. मी कुणाची, हे मला त्याच्यावरून कळतं.