तांब्याच्या अंगावरची जाळी

मी एक तांब्याची चकती. घागर, समई ही माझीच भावकी, पण मी नखाएवढी आणि नखरे राणीचे! माझ्यातला प्रत्येक अणू शिस्तीत रांगेत बसलेला. परभणीतल्या एका प्रयोगशाळेत, हवा पार उपसून काढलेल्या पोलादी डब्यात मी राहते.

मला सांभाळते शिवानी, जिंतूरचे किराणा दुकानदार धोंडप्पा यांची मुलगी. ती चिमुकल्या मुशीत पांढरी पूड तापवते. पुडीचे रेणू माझ्यावर उतरतात आणि, खरं सांगते, कुणी न शिकवता एकमेकांना धरून षटकोनी घरांची जाळी विणतात. बारीक सुई माझ्यावरून फिरली की ही जाळी पडद्यावर दिसते. शेकडो वेळा पाहिली, तरी मी थक्क होते.

पण जरा तापवलं की जाळी विस्कटायची. तीन वर्षं हेच. आचेवर टिकणारी जाळी जमली नाही, तर शिवानीची पीएचडी बुडणार होती.

एक दिवस, मूस पूड भरायला बाहेर काढलेली असताना, अप्पा एसटीनं येऊन लेकीची प्रयोगशाळा बघून गेले. दुसऱ्या दिवशी शिवानीनं नवी जाळी तापवली आणि ती हललीच नाही! शिवानीनं आनंदानं उडीच मारली. मग तिनं दुसऱ्या यंत्रानं माझी झडती घेतली, तर जाळीत पोटॅशियम. हे कुठून आलं? तिनं फोन लावला.

"अप्पा, तुमी मुशीला हात लावला व्हता का?"

"व्हय. जराशी विभूती लावली. चांगल्या कामाला लावायलाच पायजे की. बिघडलं का गं माय?"

विभूती म्हणजे गोवरीची राख, आणि त्या राखेत पोटॅशियम असतंच. शिवानी गप्प बसली असती तर कोण विचारणार होतं? पण तिनं वहीत लिहिलं, 'मुशीत विभूती पडली होती.' मला घासूनपुसून कोरं केलं, नवी मूस घेतली आणि पोटॅशियमचा शुद्ध क्षार मोजून घातला. आता जाळी तुटली तर सगळंच संपलं. मला मूठ नाही, तरी जीव मुठीत धरून मी तापले.

जाळी टिकली. पोटॅशियमचे अणू गाठीगाठीत घट्ट बसले होते. शिवानी ढसाढसा रडली.

तिनं अप्पांना बोलावून पडद्यापुढं बसवलं. ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"हे कुनी इनलं?"

"कुनीच न्हाई, अप्पा. त्यांचं त्यांनीच."

अप्पांचा हात सवयीनं खिशातल्या विभूतीच्या पुडीकडे गेला, थांबला, आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

उद्या मला पुन्हा कोरं करतील, ही जाळी जाईल. त्याआधी एकदा येऊन बघून जा. अप्पांसारखे, हात मागे बांधून.