कट्ट्यावरचं भांडण

मुकुंद मास्तर आणि सिद्धप्पा ज्यावरून भांडत, त्याच्यावरच रोज बसत. लिंबाच्या बुंध्याभोवतीचा तो दगडी कट्टा. दिवेलागणीपर्यंत विषय एकच, कट्टा हा शब्द मुळात कुणाचा?

मास्तर सोलापुरातल्या एका हायस्कुलात संस्कृत शिकवीत. त्यांच्या मते जगातला प्रत्येक चांगला शब्द संस्कृतातूनच निघतो, आणि ज्याचा माग लागत नाही तो वाटेत बिघडलेला असतो. कट्टा म्हणजे काष्ठ, काष्ठ म्हणजे लाकूड, म्हणून कट्टा म्हणजे लाकडी बैठक. संपलं. गिरणीच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले सिद्धप्पा मग बुडाखालचा दगड थोपटत आणि विचारत, ह्यात लाकूड कुठं दिसलं तुम्हाला? कानडीत कट्टु म्हणजे बांधणं, म्हणून झाडाभोवतीचा ओटाही कट्टे आणि तळ्याचा बांधही कट्टे. एकदा शेजारच्या तेलुगू विणकरानं, आमच्यातही बांधाला कट्टच म्हणतात, असं सांगून पाहिलं. तेव्हा तेवढ्यापुरती या दोघांची एकी झाली आणि तो बिचारा चहा न घेताच घरी गेला.

खरं सांगायचं तर मास्तरांना सिद्धप्पांचं म्हणणं केव्हाच पटलं होतं. पण पटलं म्हणून लगेच मान्य करायला ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

त्या साली दिवाळीनंतर सिद्धप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. समोरचं माणूस ओळखू येईना. मुलगा अक्कलकोटहून न्यायला आला. आता राहणं तिकडेच. मास्तरांना जेवण गोड लागेना. राहा म्हणायला आपण कोण, आणि जाताना या माणसाला द्यायचं तरी काय? शेवटी त्यांनी ठरवलं, भांडणच देऊन टाकू.

निघायच्या आदल्या संध्याकाळी कट्ट्यावर बसल्याबसल्या त्यांनी घसा खाकरला.

"अप्पा, शब्द तुमचाच. कानडीच आहे तो."

गडी खूश होईल असं त्यांना वाटलं होतं. सिद्धप्पांचा चेहरा उतरला.

"असं करू नका, मास्तर," ते हळूच म्हणाले. "तुमी मानलं तर इषयच संपला की. पोरगा म्हनतोय, आता सोलापुरात तुमचं काय काम हाय? मी म्हनलं, तितं एक मानूस हाय, त्याला अजून पटलेलं न्हाय. तवा कुटं त्यानं पाडव्याला घेऊन येतो म्हनून कबूल केलंय."

मास्तरांनी जोरजोरात नकाराची मान हलवली. मग ध्यानात आलं, अप्पांना ते दिसणार नाही.

"तुमचं साफ चुकतंय, अप्पा," ते कसेबसे म्हणाले. "पाडव्याला या आणि पटवून द्या मला."