ज्वारीतले काळे ठिपके

वरून पाहिलं की खालचं सगळं कळतं, हा उद्धटपणा तुम्हाला शिकवला तरी कोणी? एवढी घाई कशाची होती?

मी विमानातून काढलेला फोटो बोलतोय. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात एरंडोलच्या बाजूने एक लष्करी विमान गेलं आणि माझा जन्म झाला. खाली दादर ज्वारी उभी होती. एका शेतात ती मधूनमधून जास्त गडद दिसली आणि माझ्या अंगावर ओळीने काळे ठिपके उमटले. जिथे कधीकाळी खणलेलं असतं तिथे माती ओल धरते, पीक जोमाने वाढतं. मला ठाऊक होतं ते एवढंच. कोणी खणलं, का खणलं, हे वरून कसं कळणार?

लष्करी कचेरीतल्या मित्राकडून मी धुळ्याच्या अभिमनकडे आलो. नुकताच बी.ए. झालेला, खादी घालणारा मुलगा. देश स्वतंत्र होणार, मग खानदेशाला त्याचा जुना इतिहास नको का, असं तो भेटेल त्याला विचारी. भिंग लावून तो मला पाही. ठिपक्यांमध्ये मोकळ्या जागा होत्या. त्याने त्या पेन्सिलीने जोडून टाकल्या.

"कोट! पुरलेल्या नगराचा कोट!"

खरं सांगतो, मी सुखावलो. नुसत्या शेताचा फोटो म्हणून कोण राहील?

उन्हाळ्यात शेत मोकळं झाल्यावर आम्ही तिथे पोचलो. शेताचा मालक निंबा नगराच्या गोष्टीने हुरळला आणि आईला न विचारताच हो म्हणाला. सुपडू नावाच्या गड्याने पहिल्या ठिपक्याच्या जागी कुदळ घातली. राख निघाली, चुलीचे दगड निघाले, काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला.

"हे अलीकडचं आहे. कोट खाली असेल," अभिमन म्हणाला. "पुढचा ठिपका घ्या."

तेवढ्यात निंबाची म्हातारी आई, भागाबाई, धापा टाकत आली.

"भाऊ, कोट-बीट काही नही शे आठे. पिलेगना साले बठ्ठं गाव आठेच झोपड्यास्मा व्हतं. मनी तान्ही पोर आठेच पुरेल शे. खंदू नका."

"प्लेगात गाव इथे राहिलं तेव्हा तुमची मुलगी नेमकी कुठे पुरली, अक्का?"

"तेच तं याद नही."

निंबाने मान खाली घातली. अभिमनने मला पुढे केलं. त्याला बहुधा काही समजावून सांगायचं होतं. भागाबाईने मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवत विचारलं, "यामा मनी पोर कोनती?"

चूल, खांबाचा खड्डा, तान्ही मुलगी. माझ्या अंगावर सगळे सारखेच काळे. पेन्सिलीखाली मी गप्प राहिलो होतो, आता बोलायचं होतं तर बोलता येईना. बाबांनो, मला जरूर पाहा. पण जे मला दिसलंच नाही, ते माझ्या नावावर सांगू नका.

अभिमन खड्ड्याच्या काठावर बसला. मग म्हणाला, "बुजवा."

सुपडूने फावडं उचललं, भागाबाईकडे पाहिलं आणि ते परत खाली ठेवून दोन्ही तळवे मातीच्या ढिगाला लावले.

"भाऊ, माती हातवरी लोटूत."