धार राखून ठेवलेली कात्री

मी एक जुनी कात्री आहे मित्रांनो, पण आधीच सांगून ठेवते, कागद कापणारी नव्हे. मी शिंप्याची कात्री. कागद कापला की आमची धार जाते, म्हणून आमच्या दुकानात मला कागदाला लावायला सक्त मनाई होती. एकदा एका गिऱ्हाइकाने पाकीट फोडायला मला उचलले, तर दुकानाचे मालक, आमचे मास्टर, असे खेकसले की बिचारा माप न देताच पळाला.

मास्टरांनी मला पहिल्या कमाईतून घेतले. माझ्या मुठीची कडा त्यांना टोचायची. ती त्यांनी कानशीने घासून आपल्या अंगठ्याच्या मापाची केली. तेव्हापासून मी दुसऱ्या कोणाच्या हाती नीट बसत नाही. खडूची रेघ पुढे आणि मी तिच्या मागे, अशी आमची सव्वीस वर्षे गेली. लोक माझी स्तुती करत आणि मी फुशारून जात असे. खोटे कशाला बोलू?

मास्टरांना एकच खोड होती. त्यांना 'नाही' म्हणता येत नसे. कोणी कितीही घाईचे काम आणो, उत्तर ठरलेले, "होऊन जाईल. परवा या." शिंप्याचा परवा कधी उजाडतो, हे तुमच्या आईवडिलांना विचारा.

एके सकाळी कोटाचे कापड कापता कापता मास्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. मी जमिनीवर पडले आणि माझ्यापाठोपाठ ते. जीव वाचला, पण उजवा हात कामातून गेला. दुकान बंद झाले, शिलाईचे यंत्र विकले गेले. मला मात्र त्यांनी विकू दिले नाही. घरातल्या खिळ्यावर टांगल्या टांगल्या मी त्या अंगठ्याची वाट पाहत राहिले.

ज्यांना काम करता येत नाही, त्यांना सरकारकडून दरमहा मदत मिळते, असे मास्टरांच्या बायकोला कळले. ती मिळाली नाही तर ही खोली सोडून तिच्या भावाच्या दारात जाऊन राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. तिने रांगा लावल्या, दाखले जमवले, अर्ज भरला. तपासणीच्या दिवशी मास्टर दाढी करून, कडक इस्त्रीचा सदरा घालून, उजवा हात खिशात लपवून गेले. शिंपी माणूस, गबाळा कसा जाईल?

तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "काय मास्टर, एखादा सदरा शिवता येईल का?"

आणि सवयीने मास्टर बोलून गेले, "होऊन जाईल साहेब. परवा या."

पत्र आले. 'अर्जदार काम करण्यास सक्षम. अर्ज नामंजूर.'

"अहो, तुमच्या त्या 'परवा'ने आपलं वाटोळं केलं!" बायको रडत म्हणाली.

"तोंडातून निघून गेलं गं," मास्टर म्हणाले. "जन्मभर दुसरं काही बोललोच नाही."

शेजारच्या नर्सने तिला फुकट कायदेशीर सल्ला देणाऱ्या केंद्राचा पत्ता दिला. तिथल्या तरुण वकीलबाई स्वतः घरी आल्या. पत्रावरची तारीख पाहून म्हणाल्या, "काका, अपिलाला अजून नऊ दिवस आहेत. फी नाही. पण तिथे समोर गिऱ्हाईक नसणार. जे खरं आहे तेच सांगायचं." मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "आणि हिलाही बरोबर आणा."

सुनावणीला अधिकाऱ्यांनी तोच प्रश्न विचारला. मास्टरांचे ओठ हलले, "होऊ..." आणि ते थांबले. वकीलबाईंनी टेबलावर कापडाचा तुकडा पसरला. त्यावर खडूची एक सरळ रेघ होती. मास्टरांनी मला उजव्या हातात घेतले.

मित्रांनो, किती दिवसांनी तो अंगठा मुठीत आला! अगदी चपखल बसला. आपण इथे कशासाठी आलो आहोत, हेच मी विसरले. एकदाच, फक्त एकदाच सरळ चालू दे, असे मला वाटले. मी सरळ चालले असते तर त्यांचा घास गेला असता, हे मला नंतर उमगले.

माझी पाती उघडली, पण मिटली नाहीत. कापड चुरगळले. मी निसटून खाली पडले.

"नाही होत, साहेब," मास्टर म्हणाले. "आता नाही होत."

सव्वीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे प्रथमच ऐकले. अधिकाऱ्यांनी स्वतः वाकून मला उचलले आणि मास्टरांच्या डाव्या हातात दिले.

महिन्याभराने पाकीट आले. बायकोने ते फोडायला मला खिळ्यावरून काढले.

"अगं ए, कागदाला नको!" मास्टर ओरडले. "धार जाईल तिची!"

तिने बोटानेच पाकीट फाडले. मदत मंजूर झाली होती. ती पदर तोंडाला लावून रडली. खोली वाचली.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत कोणी 'होऊन जाईल' म्हणत खिशात हात लपवत असेल, तर त्याच्यासोबत कचेरीत जा. त्याचा अर्ज वाचा, मुदत पाहा, त्याला 'नाही होत' म्हणायला धीर द्या. त्यात कमीपणा नाही.

मास्टर आजही दर आठवड्याला डाव्या हाताने मला तेल देतात. मग उजवा अंगठा उचलून माझ्या मुठीत ठेवतात आणि थोडा वेळ तसेच बसतात. माझी धार अजून शाबूत आहे.