लाल भस्म आणि उकळतं पाणी

भट्टीवाल्याच्या थोरल्या लेकीला मुलगा झाला, त्या वर्षी चुनाभट्टीच्या गल्लीत तापाने तीन पोरं दगावली. डॉक्टर म्हणाला, विहिरीचं पाणी उकळून प्या. एक बाबा उगवला, तो म्हणाला, पोरं खाणारी बाई गल्लीतच आहे. लोकांना दुसरं सोपं वाटलं.

भट्टीवाला दुपारी चुना पोचवून परतला, तर चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध त्याची विधवा धाकटी बहीण. ओठ फाटलेला, केस शेजाऱ्याच्या मुठीत.

"पाण्याला डोळे असतात!" बाबा गरजत होता. "निर्दोष हाताला गार, पापी हाताला अंगार! माझं भस्म पाण्याला फक्त जागं करतं."

"मग आधी तुमचा हात घाला की, बाबा," ती म्हणाली.

कुणीतरी तिच्या थोबाडीत मारली. चौघांनी तिचे हात कोपरापर्यंत समोरच्या पाण्याने भरलेल्या घंगाळात दाबले. बाबाने अर्धी पोतडी लाल भस्म ओतलं. पाणी चरचरलं, गदगदलं, उसळलं.

"दादा!"

वाफ नाकात गेली आणि भट्टीवाला चमकला. हा वास तर त्याच्या स्वतःच्या सदऱ्याचा! त्याने फावड्याच्या दांड्याने वाट काढली, एकाचं मनगट मोडलं, घंगाळ लाथाडलं. बहिणीच्या हातांची कातडी सोलून लोंबत होती.

"भस्माचा अपमान!" बाबा किंचाळला.

भट्टीवाल्याने पोतडी हिसकावून उरलेलं भस्म पाण्याच्या बादलीत उपडं केलं. बादली उकळली.

"बघा! यात कुणाचा हात आहे? बादलीने पोरं खाल्ली का? अरे, हा आपलाच चुना, विटेची भुकटी कालवलेला! जन्मभर पांढरा छातीत ओढलात, लाल झाला तर ओळखला नाहीत? चार दिवस कोळसा जाळून आपण दगडात उष्णता कोंडतो. पाणी लागलं की तो त्यातलाच वाटा एका दमात परत देतो, उरलेला भिंतीवर वाळताना सावकाश. आपण घातलेलीच आग बाहेर आली. फुकटची आग कुणाच्या बापाकडे नसते!"

मग तीच गर्दी बाबावर तुटून पडली. त्याचा जबडा फुटला, बरगड्या मोडल्या. बहिणीचे केस धरणारा शेजारी सगळ्यांत पुढे.

"आता कसलं शौर्य?" भट्टीवाला ओरडला. "मघाशी एकाने तरी म्हणायचं होतं, कुणाचा हात न घालता करून दाखव!"

एवढंच विचारायला शिका, ऐकणाऱ्यांनो. आणि हात उगारण्याआधी विचारा.

बाबा जगला, तुरुंगात गेला. भट्टीवाल्याची बहीण हातांच्या जखमा चिघळून नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, दवाखान्यात वारली. ती सव्वीस वर्षांची होती.