पौषातलं लग्न

केया युरोपातल्या गरीब बायकांवर रिपोर्ट लिहिते आणि त्याचा तिला पगार मिळतो, हे ऐकून सुवर्णाला आधी हसूच आलं होतं. युरोपात कुठून आल्या गरीब बायका, असं तिने पोळी उलटता उलटता विचारलं. तिच्या डोळ्यांपुढचा युरोप म्हणजे टूर कंपनीच्या कॅलेंडरवरचे बर्फाचे डोंगर आणि त्यांच्यापुढे उभी असलेली एक गुबगुबीत गाय. केयाने ओट्याला टेकून तिला समजावलं, की तिथेही म्हातारपणी बायकांच्या हातात पुरुषांपेक्षा बरीच कमी पेन्शन पडते, कारण त्यांची कितीतरी वर्षं घरात राबण्यात गेलेली असतात आणि ती कुणी मोजलेली नसतात. म्हणून काही देशांनी कायदेच केलेत. जर्मनीत मूल वाढवण्याची काही वर्षं पेन्शनमध्ये धरतात, स्वित्झर्लंडमध्ये घरातल्या आजारी माणसाला सांभाळल्याची धरतात.

"सासूला सांभाळल्याचीसुद्धा?" सुवर्णाने विचारलं.

सासूलासुद्धा, असं केया म्हणाली. त्यानंतरच्या चार-पाच पोळ्या सुवर्णाने भराभर लाटल्या. तिने अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सहा वर्षं सगळं केलं होतं, आणि तेही स्वित्झर्लंडमध्ये नव्हे, न्यू जर्सीत.

सुवर्णाचं वय सदुसष्ट. केया ही प्रीताची मुलगी, आणि न्यू जर्सीतल्याच आयसेलिन गावातल्या प्रीताच्या केटरिंग किचनमध्ये सुवर्णा गेली सव्वीस वर्षं पोळ्या करत होती. मनोहरशी घटस्फोट झाला तेव्हा ती चाळिशीची होती, इंग्रजी अडखळत बोलायची, आणि नवऱ्याच्या व्हिसावर इतकी वर्षं काढल्यामुळे नोकरीचा अनुभव म्हणून दाखवायला तिच्याकडे काहीही नव्हतं. पोळ्या मात्र मऊसूत व्हायच्या. प्रीताने तिला कामावर घेतलं, रोजचे पैसे रोज हातात ठेवले आणि एका ओळखीच्या घरातली तळघरातली खोली भाड्याने मिळवून दिली. त्या धंद्यात तेव्हा असंच चालायचं. पगारपत्रकावर सुवर्णाचं नाव चढलं ते फक्त शेवटच्या सहा वर्षांत. सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी, पेन्शन स्वतःच्या कामावर मिळायची तर टॅक्स भरून दहा वर्षांचं काम लागतं, हे दोघींनाही कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. प्रीताला त्याची टोचणी होती. ती दर दिवाळीला सुवर्णाला भारी साडी द्यायची, आणि सुवर्णा ती कपाटात ठेवून द्यायची, कारण भारी साडी नेसून पोळ्या लाटता येत नाहीत.

आणि आता किचन बंद होणार होतं. प्रीताच्या पाठीने साथ सोडली होती, मुलगा चँडलर गावी आपल्या घरी बोलावत होता. दसरा झाला की भट्ट्या विकायच्या असं ठरलं. सुवर्णाचे गुडघे असे, की दुसरीकडे कुणी उभं करणार नाही. राहिलं नागपूर. तिथला मोठा भाऊ फोनवर मनापासून ये म्हणायचा, वहिनीही नाही म्हणायची नाही, पण हो म्हणण्याआधी थोडी थांबायची. सुवर्णाला ते थांबणं ऐकू यायचं. माहेरी पंधरा दिवस जाऊन लाड करून घेणं वेगळं, आणि हातात काही नसताना मरेपर्यंत तिथल्या दिवाणावर झोपणं वेगळं. तरी तिने एकेरी तिकिटाची चौकशी करून ठेवली होती.

किचन आवरायला केया आठवडाभर आली होती. मावशीने तिकिटाची चौकशी केलीय हे कळल्यावर तिचा पाराच चढला. तिने लॅपटॉप उघडला आणि गरिबांना सरकारकडून जी मदत मिळते तिचा फॉर्म भरायला घेतला. त्या मदतीत जेमतेम खोलीचं भाडं निघालं असतं, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. सुवर्णाला मात्र 'गरीब' हा शब्द झोंबला. आपण कधी कुणापुढे हात पसरला नाही, आता या वयात कशाला, असं ती पुटपुटत राहिली. केयाने ऐकलं नाही. फॉर्मला घटस्फोटाचा कागद लागत होता. सुवर्णाने खोलीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. सव्वीस वर्षांत तो कागद तिने एकदाही वाचला नव्हता. वकिलाने बोट ठेवलं तिथे सही केली होती आणि घडी घालून डब्याच्या तळाशी टाकला होता.

केया कागद वाचू लागली आणि मध्येच थांबली. तिने विचारलं, की मनोहर काकांच्या रेकॉर्डवर मावशीने कधी अर्ज केला नाही का. लग्न दहा वर्षं टिकलेलं असेल तर घटस्फोटित बायकोला नवऱ्याच्या कमाईच्या रेकॉर्डवर पेन्शन मिळते, त्याच्या पेन्शनच्या जवळजवळ निम्मी.

सुवर्णाला ते ठाऊक होतं. चार-पाच वर्षांपूर्वी देवळाच्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी माहितीचा कार्यक्रम होता, तिथे एका बाईने हा नियम सांगितला होता. सुवर्णाने मागच्या खुर्चीत बसून बोटांवर हिशेब केला होता. लग्न चौदा मे एकोणनव्वदचं, वैशाखातलं. घटस्फोट बावीस मार्च नव्याण्णवचा. दहा वर्षांना त्रेपन्न दिवस कमी. तिने पुन्हा मोजलं, मग प्रसादाचा शिरा खाऊन घरी आली आणि हे कुणालाही सांगितलं नाही. सासू गेली त्याच वर्षी मनोहरने घटस्फोट मागितला होता. आपण थोडं ताणून धरलं असतं तर, असं तिच्या मनात कितीदा येऊन गेलं, आणि असं मनात आल्याची तिला लाजही वाटली.

"त्रेपन्न दिवस कमी पडले गं," ती केयाला म्हणाली.

केयाने कागद तिच्यापुढे सरकवला. "पण मावशी, इथे तर जानेवारी लिहिलंय. एटीन्थ जानेवारी, नाइन्टीन एटी-नाइन."

सुवर्णाने चष्मा लावून पाहिलं. खरंच तसं होतं. तिने ठामपणे सांगितलं, की वकिलाने घोळ घातलाय, आमचं लग्न मे महिन्यातलं, आमंत्रणपत्रिका दाखवते हवी तर. आणि खोट्या तारखेवर तिला काही नको होतं. आधी ही चूक दुरुस्त करायला हवी, मग काय तो फॉर्म भर, असं म्हणून ती उठायलाच निघाली.

केयाने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "एक मिनिट. जानेवारीत काहीच झालं नव्हतं? Nothing at all?"

"काही नाही. नुसतं रजिस्टर केलं होतं, व्हिसासाठी."

केयाने कागदावरची तारीख पुन्हा वाचली. सुवर्णाला वाटलं पोरीला समजलं नाही, म्हणून ती उलगडून सांगू लागली. मनोहरला अमेरिकेतून दोनच आठवड्यांची रजा मिळाली होती, आणि नेमका पौष लागलेला. पौषात कोण लग्न करतं? मुहूर्त नाही, कार्यालय नाही, दोन्हीकडचे म्हातारे ऐकायला तयार नाहीत. पण व्हिसाचे कागद तर पुढे सरकायला हवेत. म्हणून आधीच नोटीस देऊन ठेवली होती, आणि अठरा तारखेला नागपूरच्या कचेरीत जाऊन दोघांनी सह्या केल्या. तिने साधी सुती साडी नेसली होती. वडिलांनी बाहेर पडताना सांगितलं, हे नुसतं कागदोपत्री आहे, मनावर घेऊ नकोस, खरं लग्न वैशाखात. मग कोपऱ्यावर सगळ्यांनी चहा घेतला, मनोहर त्याच्या घरी गेला आणि ती तिच्या घरी. गळ्यात मंगळसूत्र नाही, कुणी जोडीने नमस्कारही करू दिला नाही. वैशाखापर्यंत ती माहेरची लेकच होती. त्या दिवसाला लग्न म्हणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, तिच्या तर नाहीच.

"मावशी," केयाचा आवाज बदलला होता, "गव्हर्नमेंटला पौष माहीत नाही. तुझं लग्न तेच. दहा वर्षं आणि दोन महिने."

सुवर्णाने सवयीने बोटांवर मोजायला घेतलं. जानेवारी ते जानेवारी दहा, वर फेब्रुवारी, मार्च. तिने दुसऱ्यांदा मोजलं. डब्यातल्या ग्रीन कार्डाच्या जुन्या फायलीत रजिस्ट्रारचा दाखलाही निघाला, निळ्या शिक्क्याचा, कडांना पिवळा पडलेला. मग तिला रडू फुटलं, आणि तिने ते आवरलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर तिचं दुसरंच सुरू झालं. त्या माणसाचं आपल्याला काही नको. सव्वीस वर्षं त्याच्या दारात गेले नाही, आता त्याच्या पेन्शनमधून घास काढून खाऊ? केयाने शांतपणे सांगितलं, की त्याची पेन्शन एका डॉलरनेही कमी होत नाही, त्याला कळवतसुद्धा नाहीत. "आणि मावशी, तो ऑफिसला जाऊ शकला कारण त्याच्या आईजवळ तू होतीस. ती सहा वर्षं कुणीतरी मोजायलाच हवीत ना?"

इतका वेळ दारात उभी राहून ऐकणारी प्रीता आत आली. तिने इतकंच म्हटलं, की माझ्याकडून जे राहून गेलं ते आता यात तरी मिळू दे, नाही म्हणू नकोस. सुवर्णाने मान डोलावली.

सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात काचेपलीकडे एक जाडजूड, दमलेला माणूस होता. त्याने लग्नाची तारीख विचारली. केया बोलणार तेवढ्यात सुवर्णानेच सांगितली, अठरा जानेवारी. त्याने दाखला उलटसुलट पाहिला, घटस्फोटाच्या कागदाशी ताडला आणि टाइप करत राहिला. लग्न टिकलं त्या वर्षांत कुठे नोकरी केली होती का, असं त्याने विचारलं.

"नो. आय टुक केअर ऑफ हिज मदर. सिक्स इयर्स."

त्याची बोटं थांबली. हे लिहायला फॉर्ममध्ये जागा नाही, असं तो ओशाळून म्हणाला.

"आय नो," सुवर्णा म्हणाली. "आय ॲम जस्ट टेलिंग यू."

त्याने मान हलवली आणि त्यापुढे प्रत्येक प्रश्नाला तो तिला मॅम म्हणू लागला. बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर केया म्हणाली, की रिपोर्टमध्ये ती हेच लिहितेय, फॉर्ममध्ये जागा असायला हवी. कुठल्याशा देशात झालं म्हणजे सगळीकडे होऊ शकतं. सुवर्णाला सगळं समजलं असं नाही, पण लिही म्हणाली, आणि सासूचं नाव कमलाबाई होतं हेही सांगून ठेवलं.

पत्र आलं ते नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी. अर्ज मंजूर झाला होता, औषधपाण्यासाठी मेडिकेअरही. श्रीमंती नव्हती त्यात. पण खोली राहणार होती, गुडघ्यांवर इलाज होणार होता, आणि पोळ्या आता दोनच करायच्या, स्वतःपुरत्या. तिने प्रीताला चँडलरला फोन केला, मग नागपूरला.

भावाला आधी कळेचना. एवढी पेन्शन मिळतेय तर आता येणार नाहीस का, असं तो विचारत राहिला. सुवर्णा म्हणाली, येणार आहे ना, जानेवारीत येते, तीन आठवडे राहते, तिकीट काढलंय. यावेळी वहिनीच फोन घेऊन म्हणाली, या हो, नक्की या, आणि बोलण्याआधी ती थांबली नाही.

भावाने मात्र पंचांग काढलं असावं. जानेवारीत पौष आहे, चांगल्या कामासाठी त्या महिन्यात निघू नये, पुढचं तिकीट बघ, असं तो म्हणाला.

"पौषाला काय झालंय, दादा?" सुवर्णा म्हणाली. "माझं लग्न पौषातच झालं."

आणि तिने तिकिटावरच्या दोन्ही तारखा त्याला लिहून घ्यायला सांगितल्या, यायची आणि परत जायची.