चादरीचं दुसरं टोक

"मावशी, कोणाशी बोलत होतात तेवढं सांगा. हा रकाना मोकळा ठेवता येत नाही मला."

"कोणाशीच नाही हो."

"असं कसं? मंगळवारी सव्वादहा ते अकरा, तोंड सारखं चालू होतं तुमचं. कॅमेऱ्यात आलंय."

कारकूनबाईंनी कागद पुढे सरकवला. वर 'कामाच्या वेळेत संभाषण' असं छापलेलं, खाली 'दुसऱ्या कर्मचाऱ्याचे नाव' आणि त्यापुढे ठिपके. हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला सगळे घडीमावशी म्हणत. धुऊन वाळून आलेल्या चादरींच्या घड्या घालायचं काम ती सव्वीस वर्षं करत होती. तिच्या घडीचे कोपरे असे जुळलेले असत की नव्या नर्सना चादर उलगडायचं जिवावर येई. इतक्या वर्षांत तिच्याविरुद्ध एक तक्रार नव्हती. आता आली तीही बोलण्याची, आणि घडीच्या खोलीत ती एकटीच कामाला होती!

कॅमेरे बसून दोन महिने झाले होते. उशांचे अभ्रे चोरीला जातात म्हणून ते बसवले. अभ्रे कोण नेतं ते काही कळलं नाही, पण कोण कितीदा पाणी पितं आणि कोण कुठे खाजवतं हे साहेबांना तोंडपाठ झालं. यंत्र घेतलं की त्याला काहीतरी काम द्यावंच लागतं.

खरं सांगायचं तर बोलायला माणूस होता. म्हणजे तिच्यापुरता होता. मोठ्या चादरीची घडी घालायला दोघं लागतात. पंधरा वर्षं त्या खोलीत दुसरं टोक तिचा नवराच धरत असे. दोघांनी चादर ताणायची, झटकायची, एकमेकांकडे चालत यायचं, त्याने आपली टोकं तिच्या हातात द्यायची आणि पुन्हा मागे जायचं. घरात सासू, दीर, पोरंबाळं. नवरा-बायकोचं म्हणून जे काही बोलणं झालं ते त्या खोलीत, चादरीच्या लांबीएवढ्या अंतरावरून. तो वारल्यावर त्याची जागा कोणी भरली नाही. मावशी दुसरं टोक खिडकीच्या कडीला अडकवू लागली आणि बोलणं तसंच चालू राहिलं. मुलीचं बाळंतपण, स्वतःचा गुडघा, शेजारणीचा आगाऊपणा, सगळं ती त्याच्या कानावर घालायची. तो ऐकतो याबद्दल तिला शंका नव्हती. कोणी म्हणेल, बाई भ्रमिष्ट झाली. मुळीच नाही. भ्रमिष्ट बाईच्या हातून अशी घडी पडत नाही.

"मग लिहा ना, स्वतःशीच बोलत होत्या म्हणून," मावशी म्हणाली.

"तसं लिहिलं तर तुम्हाला डॉक्टरकडे पाठवतील. आणि मग तुमचं काम राहील का, ते मला विचारू नका." कारकूनबाईंनी आवाज खाली आणला. "मी 'गाणं गुणगुणत होत्या' असं लिहिते. तुम्ही फक्त एकदा चित्रण बघा आणि सही करा. ज्याचं त्याला दाखवायचं, असा नियम आहे."

बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पोटच्या पोरीने सांभाळून घ्यावं तसं त्या सांभाळून घेत होत्या.

पडद्यावर घडीची खोली दिसायला लागली. छताच्या कोपऱ्यातून दिसणारी ती खोली मावशीला आधी ओळखूच आली नाही. आत एक ठेंगणी, पाठीत वाकलेली म्हातारी होती. केस विरळ, मधोमध टाळू दिसणारी. ती खिडकीकडे बघून हसत होती, मान वेळावत होती, ओठ हलवत होती. आवाज नव्हता. मग ती चादर धरून चार पावलं पुढे गेली आणि हात पसरून थांबली, समोरच्याने टोकं हातात द्यावीत म्हणून. बराच वेळ थांबली. शेवटी तिने स्वतःच कडीतलं टोक काढून घेतलं.

मावशी पडद्याजवळ वाकली.

"जरा मागे घेता का?"

बाईंनी मागे घेतलं. पुन्हा तेच. खिडकी, कडी, रिकामी फरशी.

"तिथे कोणीच नाही," मावशी म्हणाली.

"अहो, तेच तर तुम्ही मघापासून सांगताय!" कारकूनबाई हसल्या. "घ्या, इथे सही करा."

मावशीने सही केली.

दुसऱ्या दिवशी तिने चादर कडीला लावली आणि नेहमीसारखं तोंड उघडलं. पण नवऱ्याच्या आधी तिला दिसली ती टाळू. आत्ता आपण वरून कशा दिसत असू, हा हात कसा दिसत असेल, हे हसू कसं दिसत असेल. तिने तोंड मिटलं आणि चादर झटकली. एकदा घरी, स्वयंपाकघरात कोणी नसताना प्रयत्न करून पाहिला. तिथे कॅमेरा नव्हता. पण वरून बघायची सवय आता तिची तिलाच लागली होती. अकरा वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा भेटायला घरभर माणसं आली होती. आता तो पुन्हा गेला आणि ते कोणाला सांगायचीही सोय नव्हती. मावशीला फार एकटं वाटलं.

महिन्याभराने साहेब स्वतः खोलीत आले.

"शाबास मावशी! दिवसाला तीस चादरी जास्त निघताहेत तुमच्याकडून. काही हवं असलं तर सांगा."

मावशीने थोडा विचार केला. "भिंतीत दोन हूक मारून द्या. त्या कडीचं काही खरं नाही."

सुतार दुपारीच आला. त्याने कानामागची पेन्सिल काढली. "तुमच्या छातीच्या उंचीला घेतो, म्हणजे हात भरून यायचे नाहीत."

"नको. वर घ्या."

मावशी भिंतीपाशी गेली. तिने हात उंच केला, जरा खाली आणला, परत बोटभर वर नेला. नवरा चांगला उंच होता. चादर ताणली की त्याच्या मुठी बरोबर तिथे यायच्या.

"इथे? अहो मावशी, दर वेळी टाचा उंचवाव्या लागतील तुम्हाला."

"लागायच्याच," मावशी म्हणाली. "तुम्ही मारा."